थोरलीची साक्ष

"ओरडायचं मात्र नाही, बाई," युनियनचे सेक्रेटरी चौथ्यांदा म्हणाले. "आत साहेब लोक बसलेत. शांतपणे, सावकाश, तीन गोष्टी सांगायच्या. कोणत्या?"

थोरलीने तिन्ही गोष्टी घडाघडा म्हणून दाखवल्या. त्या एवढ्या मोठ्याने, की दारावरचा शिपाई दचकून उभा राहिला. सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला.

तिचा तरी काय दोष? छप्पन माग एका छपराखाली धडधडतात अशा खात्यात तिने सव्वीस वर्षं काढली होती. कानांत कायमची घरघर बसली होती. बाहेर आली की आपला आवाज किती निघतो हेच तिला कळेनासं व्हायचं. नवरा म्हणायचा, "अगं, मी काय पलीकडच्या गावाला राहतो का?" खात्यात मात्र कुणी आवाज काढायच्या भानगडीत पडत नसे. बायका नुसते ओठ हलवायच्या आणि समोरची ते वाचायची. सासूची गाऱ्हाणी, मुलींची लग्नं, मुकादमाच्या नकला, सगळं चार माग पलीकडे बिनआवाजी पोचायचं. मुकादमाला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, ही आणखी एक सोय.

तिला थोरली म्हणायचे, कारण समोरच्या मागावर तिची धाकटी बहीण होती. आठ महिन्यांपूर्वी धाकटीची वेणी मागाच्या पट्ट्यात गेली. पट्ट्यावर जाळी नव्हती. माग चालू ठेवूनच त्याखालची रुई झाडायचा मुकादमाचा हुकूम होता. माग थांबला की कापड कमी निघायचं. त्याच संध्याकाळी ऑफिसात थोरलीपुढे एक कागद सरकवला गेला. मयताने नियमाप्रमाणे केस बांधले नव्हते, चूक तिची स्वतःची, असं त्यात लिहिलेलं होतं. थोरलीने अंगठा उठवला. तेव्हा तिला काही कळत नव्हतं आणि काही वाटतही नव्हतं. निदान नंतर तरी वाटायला लागेल, असं ती धरून चालली होती. ते काही झालं नाही. ती कामावर जायची, भाकऱ्या करायची, झोपायची.

दरम्यान गावातल्या पाचही गिरण्यांच्या बायका रस्त्यावर आल्या. एकोणीस दिवस भोंगा वाजला आणि कुणी आत गेलं नाही. शेवटी सरकारने चौकशी समिती नेमली. पट्ट्यांना जाळ्या लावायच्या का, झाडताना यंत्र बंद ठेवायचं का, यावर समिती ठरवणार आणि मग कायदा होणार. लेखी म्हणणं द्यायची मुदत मोर्चे काढण्यातच निघून गेली होती. आता तोंडी साक्षीच उरल्या होत्या. थोरलीला कायद्यातलं फारसं कळत नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की चूक धाकटीची नव्हती हे सरकारी कागदावर लिहिलं जावं, म्हणजे आपला अंगठा पुसला जाईल.

तिचं नाव पुकारलं गेलं.

आत तीन साहेब, कंपनीचे वकील आणि कारकून. जागा अपुरी म्हणून लोकांची बाकं समितीच्या पाठीमागे भिंतीशी लावलेली होती, आणि तिथे थोरलीच्या खात्यातल्या अकरा जणी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बसल्या होत्या. त्यांत पहिल्या मागावरची म्हातारीही होती. दोघी बहिणींना तुटलेल्या धाग्याची गाठ मारायला शिकवली ती हिनेच. सेक्रेटरी मात्र थोरलीच्या मागे दाराशी उभे राहिले.

खोलीत कमालीची शांतता होती. थोरलीला एवढ्या शांततेची सवय नव्हती. तिच्या कानांतली घरघर उलट वाढली.

"बोला, काय सांगायचंय तुम्हाला?" अध्यक्ष म्हणाले. ते तिने त्यांच्या ओठांवरून घेतलं.

ओरडायचं नाही, हे तिने मनाशी घट्ट धरलं आणि बोलायला लागली. पट्ट्याला जाळी नव्हती. जाळी मागणारा अर्ज आम्ही तीनदा दिला होता. माग चालू ठेवून झाडायचा हुकूम होता. तिची नजर समोरच्या बाकांवर होती. बायका माना डोलवत होत्या, एकीने डोळ्याला हात लावला. आपलं म्हणणं नीट पोचतंय, हे थोरलीला दिसत होतं. अध्यक्ष कानामागे हात धरून पुढे झुकले, त्यांचेही ओठ हलले, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

तीन गोष्टी संपल्या तरी ती थांबली नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं. तिने सांगितलं, की धाकटी ओढली गेली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं होतं. ती किंचाळली नाही, आमच्याकडे कुणी किंचाळत नाही. ताई, थांबव, एवढंच ती ओठांनी म्हणाली. मला ते दिसलं. पण माझ्या हातात तुटलेला धागा होता. मी आधी गाठ पुरी केली, मग माग थांबवायच्या दांड्याकडे धावले.

बाकांवरची एकही मान आता हलत नव्हती.

"झालं?" अध्यक्षांनी विचारलं. तिने मान हलवली. कंपनीचे वकील अर्धवट उठून म्हणाले, "साक्षीदाराचं अंगठा दिलेलं निवेदन समितीपुढे आहेच." कारकुनाने एक ओळ लिहिली आणि टीपकागद दाबला.

बाहेर पायऱ्यांवर सेक्रेटरींचा चेहरा पडलेला होता. "बाई, अहो, काय केलंत हे? एवढी घोकंपट्टी केली आणि तोंडातून एक शब्द काढला नाहीत?"

"काहीतरीच काय बोलताय?" एक बाई त्यांच्यावर उसळली. "अथपासून इतिपर्यंत सगळं बोलली ती. आम्ही आंधळ्या आहोत का?"

सेक्रेटरी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते एका दमात पायऱ्या चढून आत गेले. परत आले ते सावकाश. पुढचा साक्षीदार उभा राहिला होता. एकदा साक्ष झाली की माणसाला पुन्हा उभं करता येत नाही, असं वकिलांनी नियम काढून दाखवलं होतं. अध्यक्ष माणूस बरा होता, त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. कारकुनाची ओळ सेक्रेटरींनी टेबलासमोरून उलटी वाचली होती: साक्षीदार हजर, काही सांगितले नाही.

"म्हणजे आवाजच निघाला नाही माझा?" थोरलीने विचारलं. हे मात्र एवढ्या मोठ्याने, की रस्त्यावरची दोन माणसं वळून पाहायला लागली. "मला वाटलं, हळू बोलतेय."

"तुमचा काही दोष नाही," सेक्रेटरी म्हणाले. "बाकी गिरण्यांच्या साक्षी आहेत. जाळ्या लागतील, बघा तुम्ही."

"आणि तिचा कागद?"

धाकटीची चूक कागदावर होती तशी राहिली, आणि तिच्याखाली थोरलीचा अंगठा. हे समजल्यावर आपल्याला जोराचं रडू येईल असं थोरलीला वाटलं. ती त्याची वाट बघत उभी राहिली. काहीच आलं नाही. ती शेवटच्या पायरीवर टेकली.

मग तिच्या ध्यानात आलं, की अकराही जणी आपल्याकडे बघताहेत. जे कुणालाच ठाऊक नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नव्हतं, ते आता या सगळ्यांना ठाऊक होतं. तिने मान खाली घातली.

म्हातारी पुढे आली आणि गुडघ्यावर हात टेकत कण्हत तिच्याशेजारी बसली. तिने थोरलीची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. रस्ता शांत होता, बोलायला काही अडचण नव्हती. तरीही तिने आवाज काढला नाही.

"मीही आधी गाठच मारली असती," ती ओठांनी म्हणाली.

मागे उभ्या असलेल्या बायकांनी एकेक करून माना हलवल्या.

"काय म्हणतायत त्या?" सेक्रेटरींनी वाकून विचारलं.

थोरलीचा खालचा ओठ हलला, पुन्हा हलला. तिने तो दातांखाली धरून ठेवला. मग म्हातारीला काखेत हात घालून उठवत ती म्हणाली, "काही नाही. दुपारच्या पाळीला उशीर होतोय, म्हणते."