सहा पदरी दोरा

गोपाळचं विमानपत्र आलं तेव्हा अनसूयाबाई सांडगे घालत होत्या. हात डाळीनं भरलेले, म्हणून नवऱ्याला म्हणाल्या, "तुमीच वाचा की."

तात्या ईट गावच्या शाळेत मास्तर. घरातलं पत्रही पोरांना धडा सांगावा तसं वाचायचे. गोपाळ हा बाईंचा धाकटा भाऊ, आई गेल्यावर त्यांनीच वाढवलेला. सरकारनं त्याला लोकरीचं शास्त्र शिकायला ऑस्ट्रेलियात धाडलं होतं. आता सुट्टीत तो, एक मद्रासचा आणि एक लंकेचा, अशा तिघांनी मिळून जुनी गाडी घेतली होती. पर्थहून ब्रूमपर्यंत, समुद्राच्या काठाकाठानं, चौदाशे मैल जायचा बेत होता. 'अक्का, डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला काहीच नाही. तू नको म्हणालीस तर जाणार नाही.'

"काहीच न्हाई म्हंजे? रानं असतील, वस्त्या असतील."

"काहीच नाही असंच लिहिलंय," तात्या म्हणाले.

बाईंनी हात धुतले आणि शाळेतलं नकाशांचं पुस्तक मागवलं. सुईतला दोरा काढून पर्थवर एक टोक धरलं आणि किनाऱ्याच्या वळणावळणानं ब्रूमपर्यंत नेलं. मग तोच दोरा आपल्या मुलखाच्या पानावर ठेवला. ईटपासून मुंबई भरली.

"हात्तिच्या! एवढंच व्हय? उगीच जीव घाबरा केला पोरानं."

तात्या हसले. "अगं, पान बदललं की माप बदलतं. तिकडचा एक इंच म्हणजे तीनशे मैल, इकडचा पन्नास. तुझा दोरा सहा पदरी धर."

बाईंनी बोटानं मोजलं. ईट ते मुंबई. मग परत ईट. अशा सहा खेपा. शेवटच्या खेपेला त्यांचं बोट पुण्यापाशीच थांबलं. पत्रात लिहिलं होतं की ब्रूमच्या अलीकडं दीडशे मैल गोड पाण्याचा थेंब नाही. म्हणजे ईटहून निघायचं आणि पुणं येईस्तोवर एक आड नाही, एक माणूस नाही, हाक मारली तर 'कोण?' म्हणणारं कुणी नाही. आणि शेजारी अख्खा समुद्र, त्यातलं ओंजळभरही पिता येत नाही. बाईंनी समुद्र पाहिला नव्हता. पण मागच्या तीन दुष्काळी उन्हाळ्यांत पाणी पाहिलं होतं, म्हणजे किती पुरतं ते.

त्यांनी पत्र लिहिलं : 'नको.' येडेश्वरी देवीच्या कानावर घालून मगच टपालपेटीत टाकू, म्हणून मंगळवारी येरमाळ्याच्या मोटारीत बसल्या.

घाट चढल्यावर मोटार रोजच्यासारखी थांबली. बलभीम ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन उतरला, इंजिनाचं टोपण उघडलं, भसकन वाफ आली.

"लई पिती का हो ही?" बाईंनी खिडकीतनं विचारलं.

"माणसापरीस जास्त, बाई! ह्या उन्हात दोन डबे. न्हाय दिलं तर हितंच बसंल रुसून."

बाईंनी पिशवीतलं गोपाळचं पत्र काढलं. पेट्रोल किती, पीठ किती, माणशी रोज एक गॅलन पाणी, चहासुद्धा मोजलेला. गाडीच्या पाण्याचं नाव नाही. तीन शिकलेली पोरं आणि तिघांनाही गाडी हे पाणी पिणारं जित्राब वाटलं नव्हतं.

येरमाळ्याला देवीपुढं त्या बराच वेळ बसल्या. डोळे मिटले की रस्त्याच्या उजव्या हाताचा तो मोकळा मुलूखच दिसायचा. एवढं मोठं काहीच नाही, आणि ते बघायला आपल्यातला एक जण निघालाय. त्याला आपण ईटमधनं एका शब्दानं अडवणार?

पायरीवर बसून त्यांनी 'नको' खोडलं आणि खाली लिहिलं :

'जा. पण गाडीचं पाणी वेगळं धर, रोजचे चार डबे, दोन तिचे आणि दोन माझ्या समाधानाचे. त्याला कुणी तोंड लावू नये. आणि त्या दीडशे मैलांत एकदा गाडी बंद करून खाली उतर. समुद्राकडं पाठ कर. काहीच नाही म्हणजे कसं असतं, ते नीट बघ आणि मला कळव.'

दोरा त्यांनी सहा पदरी घडी करून पत्रात ठेवला.