बादल्याला कोण घेणार?

वैमानिक, नॅव्हिगेटर, गनर, वायरलेसवाले अशी सगळी पोरं एका हँगरात कोंबायची आणि सांगायचं, "जमवा आपापल्या विमानाची टोळी!" इंग्लंडच्या हवाईदलाची ही तऱ्हाच न्यारी. डोळे तपासले, छाती मोजली, वर्षभर गणितं घोटून घेतली. आणि ज्यांच्यासोबत जर्मनीवर मरायला जायचं, ती माणसं मात्र बाजारात भाजी निवडावी तशी निवडायची.

हर्बर्ट टॅटर्सल भिंतीशी उभा होता. आला होता वैमानिक व्हायला, पण विमान उतरवताना दोनदा चाकं मोडली, म्हणून नकाशावरून दिशा सांगणारा नॅव्हिगेटर झाला. त्याचं दुःख केव्हाच सरलं होतं. आता दुःख पोटाचं होतं. विमान वर गेलं की त्याला ओकारी यायची. डॉक्टरने बजावलं होतं, "कुणी टोळीत घेतलं तर उड. नाही तर कायमचा कोठारात."

चहापर्यंत मुदत होती आणि टोळ्या भराभर जुळत होत्या.

"काय रे बादल्या, विचारलं का कुणी?" बरोबर शिकलेला फ्रँक ओरडला. त्याला केव्हाच टोळी मिळाली होती. आजूबाजूचे खिदळले.

हर्बर्टला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कोठारात बूट मोजत लढाई काढायची? छे! पेनहेल नावाच्या कॉर्नवॉलच्या वैमानिकाभोवती सगळ्यात जास्त गर्दी होती. ती सारून तो थेट त्याच्यासमोर उभा राहिला.

"मला घे. मी रस्ता चुकत नाही."

"तुला बादल्या का म्हणतात?"

थाप मारता आली असती. "ओकतो. दर खेपेला."

"आणि मग?"

"तोंड पुसतो नि पुढची दिशा सांगतो. नकाशाचं टेबल कधी सोडलेलं नाही. विचार त्या फ्रँकला."

फ्रँकने मान खाजवली. "तेवढं खरंय. ढगात हरवलो होतो तेव्हा यानंच घरी आणलं. मांडीवर बादली घेऊन."

पेनहेल हसला नाही. "माझा बाप कोळी आहे. बंदर सुटलं की ओकतो, अजूनही. पण गावात सगळ्यात जास्त मासे त्याच्याच होडीत असतात." मग मागे वळून आपल्या गनरला म्हणाला, "मिळाला रे आपला माणूस!"

हर्बर्टचे डोळे भरून आले.

"एक सांगून ठेवतो," पेनहेल म्हणाला, "बादली तुझी तू धुवायची."

"रोज धुतो," हर्बर्ट म्हणाला, आणि त्याच्यामागून चहाला निघाला.