वाटणीतलं आढं

"धुन्याचा गोटा हाये का लोहाराची ऐरन, काही समजून नाही राह्यलं. कुऱ्हाड घासू घासू खड्डा पाडला त्याले. लुगडं आपटलं का फाटते माह्यं."

पत्र्याच्या आडोशापलीकडे रत्नमालाबाई स्वतःशीच बोलत होती. घरमालकीण झाल्यापासून तिला ही कला साधली होती. बोलायचं स्वतःशी, ऐकवायचं भाडेकरणीला. अंजनाने तव्यावरची भाकर उलटली. चटका बसला तरी बोट मागे घेतलं नाही. बाहेर मोरीजवळ तिचा नवरा, दौलतराव, उकिडवा बसून त्या गोट्यावर कुऱ्हाड घासत होता. पात्याच्या मधोमध एक दाता पडला होता, तो काही केल्या जात नव्हता.

इंझोरीच्या त्या गल्लीत रत्नमालाबाईचं घर या बाजूला, अंजनाचं समोर. म्हणजे होतं. आता तिथे मातीचा ढीग, वाकलेली टिनं, आणि त्यातून वर आलेलं सागवानी आढ्याचं टोक. भाड्याच्या खोलीच्या दारातून दुसरं काही दिसतच नाही. घर पडलं त्या संध्याकाळी रत्नमालाबाईनेच सोयाबीनची पोती सरकवून ही खोली मोकळी करून दिली. भाडं घेईन, हे मात्र तेव्हाच सांगून टाकलं. फुकट राहणाऱ्याला रागावता येत नाही, आणि रागावल्याशिवाय तिला अन्न पचत नाही, असं तिचं म्हणणं. ढिगाऱ्यातून बाबासाहेबांची तसबीर तेवढी काचेसकट निघाली होती. ती अंजनाने आल्या आल्या खुंटीला लावली. दौलतराव तसबिरीकडे पाठ करून जेवायचा.

घर सासऱ्यांनी बांधलेलं. दोन भाऊ, दोन खोल्या, दोन्हींवरून छपराचा भार पेलणारं एकच आढं. वाटणी झाली तेव्हा मधे माळ्यापर्यंत भिंत आली, चुली दोन झाल्या, विजेची मीटरं दोन झाली. पुढे धाकट्या धम्मपालला घरकुल मंजूर झालं आणि तो आपला भाग पाडायला निघाला, तेव्हा कुठे कोणाच्या ध्यानात आलं की आढं तेवढं वाटायचं राहून गेलंय. धम्मपाल म्हणाला, टेकू लावू आणि मधून कापू. दौलतराव म्हणाला, बापाचं आढं थोरल्याचं. त्यावरून दोघं गल्लीत भिडले. धम्मपालने लोखंडी सब्बल उगारली, दौलतरावाने त्याचा कान चावून रक्त काढलं, आणि धम्मपालची बायको नीलिमा मधे पडली तर तिला दोघांनीही ढकलून दिलं. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

त्याच आठवड्यात घर बसलं. पलीकडचं बसलं आणि अलीकडचंही. नीलिमा चुलीपाशी होती. तिला ओढून काढलं तेव्हा उजवा पाय चामडीने तेवढा लोंबत होता. वाशीमच्या दवाखान्यात तो गुडघ्याखालून काढला.

त्या सकाळी धम्मपालने आपल्या भिंतीच्या पायाशी चार ठिकाणी खणलं होतं. म्हणून घर त्यानेच पाडलं, हे गावाने धरून घेतलं. त्याने स्वतःही धरलं. दौलतरावाने ढिगाऱ्यावरच त्याला लाथांनी तुडवला. बायकोच्या रक्ताने माखलेल्या हातांनी धम्मपालने डोकं झाकलं, पण हात उचलला नाही. पुढे बसथांब्यावर, चारचौघांत, चपलेने मार खाल्ला, तेव्हाही नाही. लोक म्हणाले, मारू द्या बाप्पा, घर गेलं त्याचं.

अंजना काही म्हणाली नाही.

घर पडलं त्या दुपारी ती रानातून पाण्याची कॅन भरायला घरी आली होती. नवरा माळ्यावरून उतरत होता, हातात कुऱ्हाड, केसांत सागाच्या बारीक कपच्या. काय करून राह्यले म्हणून विचारलं, तर म्हणाला, "भिंतीच्या तिकडून घातले आड्यावर घाव. त्याच्या वाटणीत. आपल्याले काय होते?"

आणि त्याला खरंच तसं वाटत होतं. चुली दोन झाल्या, मीटरं दोन झाली, मग आढं कसं एकच राहील? आपल्याला नाही तर त्यालाही अख्खं मिळू नये, एवढाच त्याचा हिशेब. घाव खोल गेला, मधे जुना खिळा लागला, पात्याला दाता पडला, म्हणून तो थांबला. रात्रीपर्यंत थांबलं नाही ते आढं.

घर पडल्यावर, याच खोलीत, अंजनाने त्याच्या केसांतल्या कपच्या फणीने काढल्या आणि चुलीत घातल्या. बोललो तर नवरा तुरुंगात जाईल आणि या गल्लीत आपल्याला एक दार उघडं राहणार नाही, एवढं तिला कळत होतं. ठोके रत्नमालाबाईनेही ऐकले असणार. घाव लाकडावर पडला की लोखंडावर, ते गल्लीपलीकडे कळतं. पण तीही आपली गोट्यावरच बोलायची.

भाकरी टोपल्यात पडल्या तशी गल्लीत ऑटो येऊन थांबली. आत नीलिमा, मांडीवर चादर. धम्मपाल उतरून सरळ अंगणात आला. कानाची जखम चिघळलेली, गाल बसलेले.

"दादा," तो म्हणाला, "माही वाटनी बी तूच घे. मी हिले घेऊन पुन्याले जातो. माह्या हातानं पाप झालं."

शिवी आली असती तर दौलतरावाने शिवीच दिली असती. हे त्याला झेपलं नाही. तो उठला आणि कुऱ्हाडीचा दांडा धम्मपालच्या खांद्यावर घातला. हाड वाजलं. धम्मपाल गुडघ्यावर आला. दुसरा फटका पाठीत, तिसरा तोंडावर. दात तुटून मोरीत पडला.

"घर पाडलं यानं," दौलतराव प्रत्येक फटक्याला म्हणत होता. "माह्यं घर पाडलं यानं."

नीलिमा नवऱ्याकडे धावायला उठली. पाय नाही हे ती विसरली, आणि ऑटोतून तोंडावर रस्त्यावर आली. माणसं दारादारांत उभी राहिली. रत्नमालाबाई धुण्याची बादली घेऊन निघालेली, ती बादलीसकट तिथेच थांबली. 

दौलतरावाने हातातली कुऱ्हाड फिरवली. आता पातं खाली होतं. धम्मपालने ते पाहिलं आणि मान पुढे केली, न्हाव्यापुढे करावी तशी.

अंजना टोपलं टाकून धावली. तिने पातंच धरलं, उघड्या मुठीने. दौलतरावाने हिसका दिला, पण मूठ सुटली नाही. तो दाता तिच्या तळव्याच्या मांसात अडकला होता. रक्त मनगटावरून धुण्याच्या गोट्यावर ठिबकायला लागलं. नवऱ्याकडे तिने पाहिलंच नाही. ती खाली, दिराकडे पाहत होती.

"भाऊजी, मार खाऊ नका," ती म्हणाली. "आडं तुमच्या दादानं तोडलं."