अंबुबाईला मागून आलेली हाक

बेंगळुरात, चिकपेटेत कापडाचं दुकान असलेल्या अप्पासाहेबांच्या घरी अंबुबाईला दिवसातून पन्नास हाका यायच्या, आणि त्यातली एकही तिच्यासाठी नसायची. अक्का, दूध बघ. अक्का, माझा शर्ट कुठं? अक्का, दारात कोण आलंय? बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती या धाकट्या भावाकडं आली, तेव्हापासून तीस वर्षं हेच. दुपारी तेवढी ती कँटोन्मेंटात एका मडमेकडं झगे शिवायला जाई. तिथं काम संपलं की मडम म्हणायची, 'दॅट विल बी ऑल.' म्हणजे, चालू लाग.

त्या मडमेची मुलगी नोरा लहानपणी अंबुबाईच्याच मांडीवर झोपायची. ती लग्न करून जमैकात गेली, मॉन्टेगो बे नावाच्या गावी समुद्राकाठी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या, आणि चौसष्ट साली तिनं अंबुबाईला विमानाचं तिकीटच धाडलं. महिनाभर राहायला ये, लिहिलं होतं, आणि सुई-दोरा आणता आला तर बघ.

घरात कुणाला त्याचं काही नवल वाटलं नाही. जमैका वेस्ट इंडीजमध्ये आहे म्हटल्यावर भावजय सकवारबाईनं भूगोल जागच्या जागी उरकला. वेस्ट इंडीज म्हणजे पश्चिम हिंदुस्थान, म्हणजे कारवारच्या अलीकडं-पलीकडं कुठंतरी. येताना स्वल्प कोकम आण, म्हणाली आणि डाळ निवडायला बसली. निघायच्या दिवशी अप्पासाहेब दुकानात होते. त्यांचा मुलगा मानसिंग, कचेरीत कारकून आणि घरात इंग्रजीचा मक्तेदार, रेडिओला कान लावून बसलेला. अंबुबाई ट्रंक घेऊन गल्लीच्या टोकाशी गेली आणि मागं वळली. दारात कुणी म्हणजे कुणी नव्हतं. तिला रडू आलं, मग रडू आल्याचा राग आला, आणि त्या रागाच्या भरात तिनं एकटीनं तीन विमानं बदलली.

मॉन्टेगो बे बघून मात्र राग विसरली. काय ते गाव! भर सकाळी ढोल वाजतायत, मासे विकणारी बाई टोपली खाली ठेवून नाचतेय, आणि गोरी पाहुणेमंडळी वाळूत उघडीवाघडी पसरलेली. अंबुबाईनं शिंप्याच्या नजरेनं हिशेब केला. तिच्या एका नऊवारीत हा सगळा किनारा झाकून वर झालर निघाली असती. पण अंगभर कपडा नसला तरी माणसांच्या तोंडभर हसू होतं, हे तिनं मान्य केलं.

पहिल्याच दिवशी तिनं त्या मासेवालीकडून आंबे घेतले (मासे विकणारीकडं आंबेही होते, तिथं सगळं चालायचं) आणि निघाली. मागून हाक आली, 'बाई!'

अंबुबाई चमकलीच. आपल्याला बाई म्हणायचं, हे हिला कसं कळलं? परत गेली, 'काय गं?' म्हणाली. मासेवालीनं हसून तिला स्टूल दिलं, शहाळं फोडून दिलं. तासानं ही उठली, तर पुन्हा, 'बाई, बाई!' पुन्हा बसली. पाववाला, नावाडी, ढोलवाले, जो तो तिची पाठ वळली की बाई म्हणायचा. सकाळी आंब्याला गेलेली अंबुबाई जेवायच्या वेळेला परतू लागली, आणि नोराला वाटलं, हिला आंबे निवडता येत नाहीत.

महिन्यानं ती बेंगळुरात परतली. सकवारबाईनं आधी कोकम विचारलं. नाही म्हटल्यावर नाक मुरडलं. जेवताना अंबुबाईनं सगळं सांगितलं. तिथं अख्खं गाव मला बाई म्हणतं, मागून हाका मारमारून बोलावतं.

मानसिंगला ठसकाच लागला. "आत्या, अगं ते बाई नव्हे, बाय! इंग्रजीत बाय म्हणजे जा आता. ते तुला कटवत होते आणि तू परत जाऊन बसत होतीस!"

सगळे पोट धरून हसले. अंबुबाईनं शांतपणे भात कालवला.

"ठाऊक आहे. चौथ्या दिवशी नोरानं सांगितलं. त्यानंतरही मी वळायचीच."

"का पण?"

"जाणाऱ्या माणसाला मागून हाक मारतात ती लोकं. मी इथनं ट्रंक घेऊन निघाले, तेव्हा या घरातनं कोण काय म्हणालं?"

अप्पासाहेब ताटात बघत राहिले, आणि सकवारबाईनं न मागता तिला वरण वाढलं.

दुसऱ्या दिवशी अंबुबाई दोरा आणायला बाहेर पडली. सात-आठ पावलं गेली असेल, तोच मागून घसा खाकरल्याचा आवाज आला. अप्पासाहेब, चिकपेटेतले प्रतिष्ठित व्यापारी, बनियनवर दारात उभे राहून सगळ्या गल्लीदेखत ओरडले, "अक्का, बाय!"

अंबुबाईनं ऐकलं, पण वळली नाही. मारू दे आणखी एकदा, म्हणाली मनाशी, आणि पाऊल मंद केलं.