नवरा खरा की कागदापुरता

नकार आला तेव्हा चिऊ एका म्हाताऱ्याच्या वरच्या कवळीचं मेण खरवडत होती. दातांच्या लॅबमध्ये ती अकरा जणांच्या कवळ्या एका वेळी हाताळायची आणि कुणाचा जबडा कुणाला गेला असं कधी झालं नव्हतं. एप्रनच्या खिशात फोन थरथरला. प्लास्टरनं पांढरी झालेली बोटं पुसून तिनं तो काढला. पत्र व्हिसा खात्याचं होतं. पहिला परिच्छेद तिला कळलाच नाही, दुसऱ्यातलं एक वाक्य मात्र खिळ्यासारखं आत गेलं: पती-पत्नीचा हा संबंध खरा आणि सलग असल्याची खात्याची खात्री पटत नाही.

तिनं फोन परत खिशात टाकला आणि मेण खरवडायला घेतलं. पातं घसरलं आणि पुढचा दात टवका उडून जमिनीवर पडला.

खातं काही भलतंच लिहीत असतं तर तिला राग आला असता. पण ते वाक्य गेलं वर्षभर तिच्याच मनात ठाण मांडून बसलं होतं.

चिऊ हे तिचं घरातलं नाव. लहानपणीच ती आईबरोबर या देशात आली, इथंच शिकली, इथलीच नागरिक झाली. लग्न ठरलं ते ओळखीतून. मुलगा फरशी बसवणारा, उंच, कमी बोलणारा. तो तात्पुरत्या परवान्यावर इकडे आला, आणि कायम राहायचं तर नवरा म्हणून व्हिसा मिळवायला हवा होता. लग्नाच्या आदल्या दिवशीच थोरल्या बहिणीनं तिला बाजूला घेतलं होतं. "पोरगा गुणी दिसतो गं. पण हल्ली लोक मुलीशी नाही, पासपोर्टशी लग्न लावतात. डोळे उघडे ठेव."

चिऊनं डोळे उघडे ठेवले, आणि तेव्हापासून तिला धड झोप नाही.

त्यात मागच्या हिवाळ्यात तो घर सोडून गेला. "साइट लांब आहे, तिथल्या पोरांच्या खोलीवर राहतो," एवढंच म्हणाला. चार महिने राहिला. मग एक दिवस बॅग घेऊन परत आला आणि जणू दूध आणायला गेला होता अशा थाटात चपला काढून आत आला. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

अर्ज भरून देणारे एजंटकाका ओळखीतलेच होते. "ते चार महिने गाळून टाका," ते म्हणाले होते. "सलग एकत्र राहतो असं लिहा. खात्याला काय स्वप्न पडणार आहे?" दोघांनी खाली मान घालून सह्या केल्या. खात्याला स्वप्न पडलं नाही, पण खात्याचा माणूस येऊन शेजाऱ्याला भेटून गेला. शेजारी सरळमार्गी. हिवाळ्यात संध्याकाळचा कुणी पुरुष माणूस दिसला नाही, असं त्यानं सांगून टाकलं.

आता एजंटकाका फोन उचलत नव्हते. एकदा उचलला तेव्हा म्हणाले, "मी फक्त टाइप केलं हो. सह्या तुमच्या आहेत."

वकीलबाईंचं नाव लॅबमधल्या एकीनं सुचवलं. त्यांचं ऑफिस चपला-बूट दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर होतं, त्यामुळे जिना चढताना डिंकाचा वास यायचा. बाहेरच्या खोलीत खुर्च्या एकमेकींना चिकटून, कोपऱ्यात मुलांसाठी खेळण्यांची टोपली, आणि बसलेला प्रत्येक जण मांडीवरची फाइल तान्ह्या बाळासारखी धरून. चिऊनं नवऱ्याकडे पाहिलं. तो नखांत अडकलेलं सिमेंट कोरत होता.

वकीलबाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या. पेनाचं टोपण चावायची सवय. त्यांनी पत्र वाचलं, अर्ज वाचला आणि म्हणाल्या, "दोघांशी वेगवेगळं बोलते. आधी तुम्ही बाई."

तो बाहेर गेला. वकीलबाईंनी भराभर विचारलं. पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं? कचरा कोण टाकतं? त्याला कशाची ॲलर्जी आहे? चिऊ उत्तरं देत गेली, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी.

"आणि मागच्या हिवाळ्यात ते कुठं राहत होते?"

"घरीच," चिऊ म्हणाली.

वकीलबाईंनी मान डोलावली आणि तिला बाहेर पाठवून त्याला आत बोलावलं. तो आत होता तेवढा वेळ चिऊनं समोरच्या भिंतीवरचं घड्याळ पाहायचं नाही असं ठरवलं आणि तेच पाहत राहिली. दार उघडलं तेव्हा वकीलबाईंनी बोटानंच तिला आत यायची खूण केली.

"तुमचे यजमान म्हणतात, ते चार महिने घरी नव्हते. तुम्ही म्हणता होते. हे सुनावणीत झालं असतं तर तिथंच खेळ खलास."

चिऊनं नवऱ्याकडे रोखून पाहिलं. तो शांतपणे म्हणाला, "एकदा खोटं लिहून भागलं नाही. परत नाही जमायचं मला."

"अपील करता येईल," वकीलबाई म्हणाल्या, "पण खोटं मी पुढे पाठवणार नाही. तसं हवं असेल तर दुसरं दार बघा. नवरा-बायको भांडतात, वेगळी राहतात, परत येतात, हे खात्याला ठाऊक आहे. तिथंही संसारी माणसंच बसलेली असतात. पण अर्जात खोटं लिहिलेलं सापडलं, की त्यांचा तुमच्या खऱ्यावरचाही विश्वास उडतो. पुढची काही वर्षं अर्जच करता येणार नाही, इथवर जाऊ शकतं. म्हणून आधी आपणहून कबूल करायचं. मग ते चार महिने काय झालं ते सांगायचं. सगळं."

"आणि नाही पटलं त्यांना तर?"

"तर यजमानांना परत जावं लागेल." वकीलबाईंनी हे गोड करून सांगितलं नाही. मग टोपण तोंडातून काढून विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं? ते तुमच्यासाठी इथं आहेत, की व्हिसासाठी?"

नवरा शेजारीच बसला होता. चिऊ मांडीवरचे कागद सारखे करू लागली.

"मला उत्तर नकोय," वकीलबाई म्हणाल्या. "पण तिथं विचारतील."

पुढचे दिवस चिऊनं जीव मुठीत धरून काढले. पत्रपेटी वाजली की हातातलं टाकून ती धावायची. घरात तर ती खात्याचीच अधिकारी होऊन बसली. त्यानं कप विसळला की वाटायचं, कुणाला दाखवायला? घरातच राहणाऱ्या तिच्या आईशी हसून बोलला की वाटायचं, साक्षीदार तयार करतोय. स्वतःचीच लाज वाटायची, पण मन काही ऐकायला तयार नव्हतं.

एका रविवारी तो खिडकीच्या फटीत सिलिकॉन भरत होता. तिची नजर पाठीवर जाणवली असावी. वळून म्हणाला, "काय बघतेस?"

"का गेला होतास?"

त्यानं फटीवरून बोट फिरवून सिलिकॉन सारखं केलं. "तू थोरलीला फोनवर म्हणालीस, फसले मी. मी दारात होतो. किल्ली हातात तशीच राहिली."

चिऊला ते आठवलं. लॅबमधून वैतागून आलेली ती, त्याला तेव्हा काम करायची परवानगी नव्हती, दिवसभर घरात बसून तो घुम्यासारखा झालेला. परवानगी आली आणि पहिलंच काम धरून तो निघून गेला होता.

"मग तेव्हाच भांडायचं की माझ्याशी!"

"कुठल्या तोंडानं? भांडलो असतो तर तू म्हणाली असतीस, माझ्या जिवावर राहतोस आणि वर आवाज चढवतोस."

"मी असं म्हटलं असतं?"

"मला तसं वाटलं खरं."

त्यानं उरलेली फट भरून टाकली. त्या संध्याकाळी तिनं वकीलबाईंसाठी सगळं लिहून काढलं, फोनवरचं ते वाक्यही.

आठवड्यानं वकीलबाईंनी आईला बोलावलं. घरात राहणारी तिसरी व्यक्ती, तिची साक्ष हवीच. आई चांगली साडी नेसून, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा चष्मा नीट पुसून आली. खुर्चीत बसताच म्हणाली, "विचारा. माझं काही लपवाछपवीचं काम नाही. एक गोष्ट लपवली, तीही सांगितल्याशिवाय राहवणार नाही."

"आई," नवरा एकदम म्हणाला, "तुम्ही कबूल केलं होतं."

"जावईबापू, त्यांनी तुम्हाला विमानात बसवून दिल्यावर तो शब्द काय लोणच्यात घालू?"

मग तिनं सांगितलं. हिवाळ्यात तिच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली, आधी एक, मग दुसरा. दुपारचे थेंब घालायला कुणी हवं. चिऊ लॅबमध्ये. आईचा हात थरथरतो, औषध गालावर जायचं. समोरची बाई येऊन घालते, असं तिनं चिऊला सांगून ठेवलं होतं. समोरची बाई कसली! हाच यायचा. साइट काही लांब नव्हती, जेवणाच्या सुट्टीत बसनं यायचा, हात कोपरापर्यंत धुवायचा, थेंब घालायचा आणि उपाशीच परत जायचा. डोळ्यांच्या दवाखान्यातही समोरची बाई येते असं चिऊला सांगितलं होतं, पण घेऊन गेला होता तोच, सोबतचा माणूस म्हणून तिथं त्याचंच नाव होतं.

"औषध संपलं तरी येत होते," आई म्हणाली. "म्हटलं, डोळे बरे झाले आता. तर म्हणे, सवय लागली."

चिऊला काय वाटावं तेच कळेना. आधी आईचा राग आला, मग त्याचा आला. वकीलबाई भरभर लिहून घेत होत्या. "हे आधी का नाही सांगितलं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

सुनावणीची खोली शाळेच्या वर्गासारखी होती. पाण्याचा जग, आवाज टिपणाऱ्या यंत्राचा लाल दिवा, मधोमध निवाडा करणाऱ्या बाई, एका बाजूला खात्याचा तरुण वकील. आईसाठी दुभाषी होता.

खात्याच्या वकिलानं आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली. तो आईला म्हणाला, "तुमच्या जावयाला इथं राहायचं होतं. अर्ज करायचा होता. सासूची सेवा केली तर पुढे उपयोगी पडेल, असा हिशेब नसेल कशावरून?"

दुभाष्यानं सांगितलं. आईनं चष्मा वर सरकवला. "अहो, उपयोगासाठी केलं असतं तर पोरीला सांगू नका असं कशाला बजावलं असतं? ढोल पिटला असता की. आणि मी म्हातारी, माझी सेवा करून कुणाचं काय भलं होणार? लाडानं माझी साखर तेवढी वाढेल."

दुभाषी भाषांतर करता करता हसला आणि स्वतःच दचकून गप्प झाला. निवाडा करणाऱ्या बाईंनी तोंडावरची रेषाही हलू दिली नाही. त्यांनी चिऊकडे पाहिलं.

"तुम्ही अर्जात खोटं का लिहिलंत?"

"घाबरले होते." वकीलबाईंनी सांगितलेलं उत्तर इथं संपत होतं. पण चिऊ थांबली नाही. "आणि मलाच खात्री नव्हती. तो माझ्यासाठी राहतोय की नाही याची."

शेजारी वकीलबाईंनी पेनाचं टोपण कचकन चावलं.

"आणि आता?"

"आता मला त्याचा भयंकर राग येतो," चिऊ म्हणाली. "माझ्याच घरी यायचा आणि मलाच पत्ता नाही. आधी मी कधी त्याच्यावर चिडायचे नाही. परक्या माणसावर कसं चिडणार? नुसती भीती वाटायची."

बाईंनी काहीतरी लिहिलं. बाहेर आल्यावर वकीलबाई जिन्यात थांबल्या आणि कपाळ पुसून म्हणाल्या, "पुन्हा कधी असं करू नका. माझं वय झालंय."

मग वाट पाहणं. वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं, तारीख विचारायची नाही, तारीख नसते. चिऊचं वजन उतरलं. नवरा झोपेत दात खायला लागला, आणि तिनं त्याच्यासाठी लॅबमध्ये दातांवर बसवायची पट्टी बनवली. आता ती दोघं भांडायचीही. कपाटातल्या जागेवरून, खिडकी उघडी ठेवण्यावरून. भांडण झालं की आई टीव्हीचा आवाज वाढवायची आणि खुशीत दिसायची.

निकाल आला तो फोनवर. चिऊ कवळी पॉलिश करत होती, यंत्र बंद करून ती कोपऱ्यात गेली.

"नकार रद्द झाला," वकीलबाई म्हणाल्या. "संबंध खरा मानलाय. पण ऐका, उड्या मारू नका. खोटं लिहिल्याची नोंद फाइलवर राहणार. आणि आत्ता मिळेल तो व्हिसा दोन वर्षांचा. त्यानंतर परत तपासतील, आणि या वेळी भिंग घेऊन तपासतील."

"म्हणजे परत हेच सगळं?"

"परत खरंच सांगायचं. तेवढं सोपं."

चिऊनं सुट्टी मागितली आणि बसनं त्याच्या साइटवर गेली. नवी इमारत, दारं अजून बसवलेली नव्हती. तो आतल्या खोलीत गुडघ्यांवर बसून फरशी लावत होता. तिला पाहून त्यानं हातातली फरशी खाली ठेवली. या वेळी ती इथं, म्हणजे वाईटच बातमी.

"मिळाला," ती घाईनं म्हणाली. "दोन वर्षांचा. नंतर परत बघणार आहेत."

त्यानं डोळे मिटले. उठायला गेला आणि अर्ध्यातच थांबला. "सिमेंटचा मसाला पसरलाय. ही ओळ आत्ता लावली नाही तर सुकेल."

"लाव मग."

तिनं पालथी बादली ओढली आणि दाराच्या चौकटीत बसली. तो फरशी ठेवायचा, रबरी हातोडीनं हलकेच ठोकायचा, पातळी बघायचा. एक फरशी तिरकी बसली, ती उचलून त्यानं पुन्हा बसवली.

"दोन वर्षांनी नाही म्हणाले तर?" त्यानं न वळताच विचारलं.

"माहीत नाही."

"मग काय करायचं?"

"तेही माहीत नाही," चिऊ म्हणाली. "जेवलास का?"

"नाही."

"मीही नाही. ओळ संपव, मग जाऊ."