खुर्चीवाला अल्बम

"तो अल्बम थोर असेल तर मी उद्यापासून शाळेची बस सोडून विमान चालवते," नणंद म्हणाली आणि ओट्यावर चढून बसत तिनं चहाचा रिकामा कप पुढे केला.

"चालव. तेवढ्या वरून तरी तुला नीट ऐकू येईल," वहिनी म्हणाली.

रविवारची दुपार होती. सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या आणि या दोघी स्वयंपाकघरात जुंपल्या होत्या. शेजारच्यांना वाटे, नणंद-भावजयीचं पटत नाही. आवाजच तसे चढायचे. पण भांडण ना दागिन्यांचं, ना भांडी कुणी घासायची याचं. ते होतं एका परदेशी बँडवरून. पाच दाढीवाले, वीस-वीस मिनिटांची गाणी, गिटारींचा गडगडाट आणि ताल असा, की भल्याभल्यांची टाळी चुकावी. बँडचं नाव लांबलचक, अल्बमची नावं त्याहून लांब. म्हणून दोघींनी मुखपृष्ठावरच्या चित्रांवरून आपली नावं पाडली होती. एक दीपगृहवाला, एक खुर्चीवाला.

दीपगृहवाला जगाचा लाडका. प्रोग्रेसिव्ह मेटल ऐकणाऱ्या कुणालाही विचारा, पहिल्या दमात त्याचंच नाव घेईल. नणंदही घ्यायची. खुर्चीवाला त्यानंतरचा. मूळ ड्रमर भांडून निघून गेला, तेव्हा उरलेल्या चौघांनी उसना वादक आणून केलेला. समीक्षकांनी त्याला धुतला, चाहते विसरून गेले. वहिनीचा जीव नेमका त्याच्यावर.

"अगं, ड्रमच नाहीत त्यात," नणंद म्हणाली. "म्हणजे आहेत, पण पाहुण्यासारखे. सोफ्याच्या कडेवर अवघडून बसलेत."

"तीच तर मजा आहे, वन्सं." वन्सं ती मुद्दाम म्हणायची, हा आजीच्या काळातला शब्द ऐकला की नणंद चिडायची. "दीपगृहवाल्यात पाचही जण एकदम बोलतात. बोलतात कसले, कोकलतात. इथं बाकीचे त्या निघून गेलेल्याची जागा राखून वाजवतात."

"जागा राखून? भोक पडलंय म्हण!"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "मेल्यांनो, झोपू द्या गं!" आणि दोघी तोंडावर हात दाबून हसल्या.

वहिनी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मागच्या खोलीत काचा घासायच्या, कडा गुळगुळीत करायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. घासायच्या यंत्राचा आवाज दात शिवशिवणारा. कानात तेवढंच दणदणीत काहीतरी असलं तरच तो झाकला जायचा. लग्न होऊन आली तेव्हा मात्र भिंतीपलीकडून येणारा हा दणदणाट ऐकून तिनं कपाळाला हात लावला होता. एके संध्याकाळी तणतणत दार वाजवायला गेली. "हे काय लावलंयस?" असं विचारायचा अवकाश, नणंदेनं हाताला धरून तिला शेजारी बसवलं आणि सगळं समजावून सांगायला घेतलं. जेवणाची हाक आली तरी दोघी उठल्या नव्हत्या.

गंमत म्हणजे तो सगळा साठा मुळात नवऱ्याचा. कॉलेजात तो गिटार वाजवायचा. नोकरी लागल्यावर गिटार विकली. "पोरपणा होता तो," म्हणाला. सीड्या बहिणीनं उचलल्या आणि पुढे बायकोनं.

त्याच नवऱ्यानं एक दिवस जेवणाच्या टेबलावर, पाण्याचा पेला गोल गोल फिरवत, हळू आवाजात सांगितलं, की त्याचं दुसरीकडे जुळलंय. आरडाओरडा झाला नाही. व्हायला हवा होता, असं वहिनीला पुढे कित्येकदा वाटलं. ती रडली ती दुकानातल्या मागच्या खोलीत, यंत्र चालू ठेवून.

वेगळं व्हायचं ठरलं, झालंही. तिनं शिवणयंत्र दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली भाड्यानं घेतली. सामान हलवायच्या दिवशी नणंदेनं जड खोकी एकटीनं जिन्यावरून उतरवली. निघताना सासूबाई दारात आल्या.

"तुझ्यात मी खोट काढणार नाही. चुकलं ते माझ्या पोराचं," त्या म्हणाल्या. "पण आता तुम्ही दोघींनी येणंजाणं ठेवू नका. उद्या दुसरी मुलगी या घरात येईल. तिलाही जागा लागेल की नाही?"

सासूबाई वाईट बोलत नव्हत्या, हीच पंचाईत होती. वहिनीनं नणंदेकडे पाहिलं. नणंद खोक्याची दोरी पुन्हा पुन्हा आवळत राहिली.

आधी फोनवर चार शब्द येत. मग तेही थांबले. वहिनीनं आपणहून कधी विचारलं नाही. शेवटी रक्ताचं नातं ते रक्ताचं; त्यात परक्यानं किती ओढायचं?

काम चालूच होतं. कानात खुर्चीवालाही चालू असायचा. पण खुसपट काढायला कुणी नव्हतं. एकटीनं ऐकणं म्हणजे एकटीनं पत्ते कुटणं. डाव लागला तरी कुणाला दाखवणार? एकदा तर काच घासता घासता तिनं नणंदेची बाजू आपणच मांडून पाहिली. थोड्या वेळानं लक्षात आलं, की नणंद जिंकतेय. तिनं घाईघाईनं गाणं बदललं.

एका दुपारी मालकांनी पडदा बाजूला सारून आत डोकं घातलं. "एक बाई आल्यात. काच सैल झालीय म्हणतात. काउंटरवर दाखवायला तयार नाहीत. शाळेची अख्खी बस दारात लावलीय!"

नणंद आत आली. चष्मा काढून तिनं टेबलावर ठेवला. वहिनीनं तो उजेडात धरला, अंगठ्यानं काच दाबून पाहिली.

"घट्ट आहे की."

"माहितीय."

वहिनीनं यंत्र बंद केलं.

"दादाचं लग्न झालं," नणंद म्हणाली.

"कळलं मला. कशी आहे?"

"चांगली आहे गं. वाईट असती तर सोपं गेलं असतं." चष्म्याशिवाय तिचे डोळे लहान, उघडे पडल्यासारखे दिसत होते. "आईची काळजी घेते. मला डबा करून देते."

"आणि ऐकते काय?"

"रेडिओवर लागेल ते."

दोघींनाही हसू आलं, आणि आल्याबद्दल दोघींनाही अपराधी वाटलं. मग नणंद घाईघाईनं म्हणाली, "मी तुझा खुर्चीवाला ऐकतेय. शेवटचं पोर उतरलं की रिकाम्या बसमध्ये लावते. रोज."

"मग?"

"फुसकाच आहे."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. कितीतरी दिवसांत तिला कुणी खोडून काढलं नव्हतं. माहेरची माणसं, मैत्रिणी, मालकसुद्धा तिच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलायचे. हो, बरोबर आहे तुझं. हो, तू म्हणशील तसं.

"बोल," ती नाक पुसत म्हणाली. "अजून बोल."

"बोलू? तिसरं गाणं निम्मं कापलं तरी चालेल. गाणारा झोपेतून उठून आलाय. आणि ते ड्रम म्हणजे..." नणंदेनं टेबलावरचं फडकं उचलून त्याची घडी घातली. "आईनं सांगितलंय, तुला वहिनी म्हणायचं नाही. घरात गोंधळ होतो."

"बरोबर आहे त्यांचं. ते नाव आता तिचं."

"मग मी तुला काय म्हणू?"

वहिनीनं चष्मा पुसला, नणंदेच्या नाकावर चढवला, कानामागे दांड्या नीट बसवल्या. "नुसतं अगं म्हण. भांडायला तेवढं पुरतं."

दुकान आवरेपर्यंत नणंद बाहेर थांबली. बस आगारात लावायची होती. वाटेत सोडते म्हणाली. नियमात बसत नव्हतं, पण बसली वहिनी. मुलांची बाकं ती. गुडघे पुढच्या बाकाला टेकले. नणंदेनं खुर्चीवाला लावला आणि सिग्नलला थांबेल तिथं मागे वळून एकेक उणं काढत राहिली. वहिनीही मागे हटत नव्हती. फुटपाथवरची माणसं बसकडे वळून बघत होती.

चौकापाशी नणंदेनं बसचा वेग कमी केला. सरळ गेलं तर सासूबाईंच्या घरावरून रस्ता होता.

"उजवीकडून घेऊ?"

"लांब पडेल. सरळच घे."

गाणं मधल्या शांत भागाला आलं होतं. एकच गिटार, तीही अडखळत. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत सासूबाई वाळलेली चादर काढत होत्या. बस दिसताच त्या थबकल्या. खिडकीतला चेहरा त्यांनी ओळखला असावा, कारण नजर वळवायला त्यांना वेळ लागला. वहिनीचा हात सवयीनं वर जाऊ लागला. तिनं तो पुढच्या बाकाच्या दांडीवर ठेवला.

"बघ, इथं ड्रम हवे होते की नाही?" नणंद रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली.

"नको," वहिनी म्हणाली. "असू दे असंच."

वर सासूबाईंनी चादर झटकली. तिचं दुसरं टोक कुणीतरी धरलं होतं. चेहरा चादरीआड होता, नुसती बोटं दिसत होती. चादर एकदा दुमडली, दोनदा दुमडली, आणि बस पुढे गेली.