ताटावरचं वाक्य

दौलतरावांच्या वर्षश्राद्धाला भाऊबंदांत स्टीलची ताटं वाटायची, हे गिरजाबाईनं तेरवीच्याच दिवशी मनात धरलं होतं. आता आपल्याकडे अशा ताटावर नाव टाकतात, तारीख टाकतात, खाली ‘स्मरणार्थ’ टाकतात आणि मोकळे होतात. गिरजाबाईचं तेवढ्यावर भागणार नव्हतं. तिला त्यांचं एक वाक्य टाकायचं होतं. “एकट्याचं असलं तरी ताट सजवून वाढावं. आपण बी आपल्या घरचे पाहुणेच असतो.”

हे वाक्य दौलतराव उठताबसता म्हणत. लेक राधिका नांदायला गेली, घरात दोघंच उरली. दौलतराव भाजी घेऊन कारंज्याच्या बाजारात बसायचे आणि मागे गिरजाबाई चुलीपाशीच हातावर भाकर घेऊन खायची. तशी दिसली की लगेच ते वाक्य. ते गेल्यावर वर्षभर तिनं एकटीनं जेवताना ताट घेतलं, वाटी मांडली, लोणच्याची फोड वाढली. का, तर ते म्हणून गेले होते. माणूस गेलं की कपडे देऊन टाकतात, खाट बाहेर काढतात, आणि आवाज तर कोणी न नेताच जातो. त्यांचा आवाज तिला नीट आठवेनासा झाला होता. ही गोष्ट तिनं लेकीलाही सांगितली नव्हती, तिला भीती वाटायची. वाक्य मात्र होतं. तेवढा एक दौलतराव घरात शिल्लक होता म्हणा ना.

भांड्यावर नाव टाकून आणायचं काम पुतण्याकडं, आदर्शकडं होतं. त्यानं वाक्य ऐकलं, डोकं खाजवलं आणि मोबाइल पुढे धरला. त्यावर एका दाढीवाल्या थोर पुरुषाचा फोटो, मागे उगवता सूर्य, आणि खाली हेच वाक्य. फक्त ‘बी’ जाऊन तिथं ‘कारण’ आणि ‘ही’ आले होते. थोर माणसांच्या वाक्यात ‘कारण’ लागतंच, त्याशिवाय ते थोर कसे? आदर्शचं म्हणणं असं, की काकांनी कुठंतरी वाचलं असेल, आणि आता ताटावर त्यांचं म्हणून टाकलं तर लोक तोंडावर हसतील, मागे चोर म्हणतील.

“तुमचे काका फोन कुठं पाहत होते?” गिरजाबाई म्हणाली. पोराला ते पटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिच्याही मनात पाल चुकचुकली. म्हणजे वर्षभर आपण कोणा परक्या दाढीवाल्याचं ऐकून ताट वाढलं की काय? त्या दिवशी तिला जेवणच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कारंज्यातल्या वाचनालयात गेली. तिथल्या विजयमालाबाई घरी येऊन तिच्याकडूनच मेथी न्यायच्या, म्हणून पायरी चढायचा धीर झाला. विजयमालाबाईंनी त्या थोर पुरुषाची सगळी पुस्तकं टेबलावर काढली आणि दोन-चार दिवस चाळली. मग सांगितलं, यात हे वाक्य कुठंच नाही. वर त्यांच्या फोनवर तेच वाक्य एका भलत्याच थोर पुरुषाच्या फोटोखाली निघालं, हा बिनदाढीचा. नेटचं काही खरं नाही हो, त्या म्हणाल्या, तिथं ज्याचा फोटो चांगला त्याचं वाक्य. गिरजाबाईला हायसं वाटलं. मग हे आमच्या ह्यांचंच ना, असं तिनं विचारलं.

विजयमालाबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. “पुस्तकात त्या लोकांचं म्हणून नाही, एवढंच मी सांगू शकते,” त्या म्हणाल्या. “दौलतरावांचं आहे, असंही कोणत्या पुस्तकात नाही. घराबाहेरच्या कोणी त्यांच्या तोंडून ऐकलं असेल तर त्याला विचारा.”

बाहेरचं कोण? बाबूसिंग. उभी हयात दौलतरावांच्या शेजारी गोणपाट टाकून वांगी-मिरच्या विकणारा माणूस. आता गुडघे गेले म्हणून आसेगावला पोराकडं राहत होता. गिरजाबाईनं एसटी धरली. सगळ्या रस्त्यानं ती शेजारच्या रिकाम्या सीटवर पिशवी ठेवून बसली होती. असा एकटीनं प्रवास तिनं कधी केलाच नव्हता.

बाबूसिंगनं ओट्यावर बसवलं, सुनेला चहा टाकायला लावला, दौलतरावांच्या नावानं डोळे पुसले. तिनं वाक्य म्हणून दाखवलं तर म्हातारा खुदकन हसला.

“हे तर रोजचं होतं, वहिनी. बाजारात कोणी उभ्याउभ्या भजे खाताना दिसला की भाऊ त्याले सुनावणारच.”

“म्हणजे त्यायचंच आहे,” ती म्हणाली.

“त्याचं कायले? तुमचं आहे. भाऊ दर टायमाले पयले म्हणे, ‘आमची घरची म्हणते’, अन् मंग हे.”

माझं कसं, गिरजाबाईनं विचारलं. मग बाबूसिंगनं सांगितलं. लग्नाचं पहिलंच वर्ष. बाजार उठायला उशीर झाला, दोघं सोबत दौलतरावांच्या घरी आले. पाहतात तर वाट पाहून चिडलेली नवी नवरी ताट वाढून जेवत बसलेली. पापड काय, लोणचं काय, कांद्याच्या चकत्या काय. कोण पाहुणा आला, म्हणून दौलतरावांनी थट्टा केली, आणि बाईनं फाडकन तोंडावर हे वाक्य मारलं. बाबूसिंग तेव्हा दारातच उभा होता. “मले तर वाटलं आता भाऊ भडकते. तो तर खूश. जन्मभर मिरवलं त्यानं ते, साऱ्या बाजाराच्या तोंडी केलं. तुमच्या तोंडावर मात्र कधी कबूल केलं नसंन, नवरा माणूस आखिर.”

तिला हळूहळू आठवलं. कांद्याच्या चकत्या आठवल्या, राग आठवला. परतीच्या बसमध्ये तिला वाटत होतं, आपल्याला आनंद व्हायला पाहिजे. तो होत नव्हता. धरून ठेवायला त्यांचं म्हणून एक होतं, तेही आपलंच निघालं. वर्षभर आपणच आपल्याला जेव म्हणत होतो. घरात खरोखरच कोणी नव्हतं. खिडकीकडं तोंड करून ती रडली, आणि कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा पदरानं तोंड पुसून तिकीट काढलं.

आदर्श अंगणातच थांबला होता. मग काय ठरलं, नुसतं नाव टाकू ना, त्यानं विचारलं. गिरजाबाईनं चपला काढल्या, पाय धुतले आणि पायरीवर बसली.

“नावाच्या वर लिही,” ती म्हणाली. “आमची घरची म्हणते.”

त्यानं फोनवर टाइप केलं आणि वाट पाहिली. “मंग? काय म्हणते? पुढचं सांगा ना, काकू.”

“पुढचं राहू दे. पुढचं माझं आहे. त्यायचं एवढंच आहे.”